मूठभर जोंधळे आणि गावाची शाळा

मराठी शाळेतला पंखा बंद असताना कधी नीट पाहिलाय? पात्यांवर लाल नाहीतर निळ्या ऑइल पेंटनं अक्षरं रंगवलेली असतात. एका पात्यावर ‘कै.’, दुसऱ्यावर कुणा आजोबांचं नाव, तिसऱ्यावर ‘स्मरणार्थ’. लोखंडी कपाटावर कुणाच्या वडिलांचं नाव, भिंतीवरच्या घड्याळावर दहावीच्या जुन्या बॅचचं, पाण्याच्या टाकीवर मुंबईकर ग्रामस्थ मंडळाचं. ऑफिसबाहेर देणगीदारांची यादी असते. त्यात कुणाचे पाच हजार एक असतात, कुणाचे एकावन्न.

मला या याद्या वाचायची सवय आहे. सातारा जिल्ह्यात वाढल्यामुळे ती लागली असावी. शाळा कुणाच्या जमिनीवर उभी आहे, पत्रे कुणी दिले, दगड कुठल्या ओढ्यातून आणले, हे आमच्याकडे म्हातारी माणसं न विचारता सांगतात. हल्ली सरकारी कागदांत याला ‘लोकसहभाग’ म्हणतात. शब्द गुळगुळीत आहे. त्यामागचा इतिहास मात्र तसा नाही. त्यात धान्य आहे, जात आहे, मोडलेले दागिने आहेत, सरकारशी भांडण आहे. तो सांगताना मला एकच प्रश्न धरून चालायचंय : गाव शाळेला देतं, तेव्हा त्या बदल्यात शाळेनं गावाचं किती ऐकायचं?

ओसरीतली शाळा

शाळा आणि समाज पूर्वी एकजीव होते, पुढं इंग्रज आले आणि नातं तुटलं, असं आपण बऱ्याचदा ऐकतो. अर्धी गोष्ट खरी आहे. इंग्रजांच्या आधी गावात पंतोजींची शाळा असायची. वाड्याची ओसरी, देवळाचा मंडप, कुणाचं तरी पडवीचं टोक. मुलं धुळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडी शिकायची, पावकी-निमकी-दीडकी मोठ्यानं म्हणायची. पंतोजींना पगार नव्हता. मुलांच्या घरून शिधा यायचा, थोडे पैसे यायचे, सणावाराला धोतरजोडी मिळायची. पंतोजी टिकायचे ते गावाच्या मर्जीवर. यापेक्षा घट्ट नातं कुठलं असणार?

पण त्या ओसरीवर कोण बसायचं? ज्यांना हिशेब ठेवायचे होते, कुलकर्णीपण करायचं होतं, दुकान चालवायचं होतं, त्यांची मुलं. मुली नव्हत्या. महार-मांगांची मुलं नव्हती. कुणब्याचं पोर क्वचित. शिधा देणारं घर ठरवायचं की शाळा कुणासाठी. नातं घट्ट होतं कारण ते मोजक्या घरांपुरतं होतं.

ही गाठ पहिल्यांदा उघडपणे सोडवली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी. १८४८मध्ये पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा ‘समाजा’नं काय दिलं? सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल. ही शाळा आजूबाजूच्या समाजाच्या इच्छेविरुद्ध चालली. म्हणून ती समाजापासून तुटलेली होती का? ज्यांच्या मुलींना तिथं बसायला जागा मिळाली त्यांना विचारलं असतं, तर उत्तर वेगळं आलं असतं. ‘समाज’ हा शब्द एकवचनी दिसतो, पण तो तसा नसतो.

चौतीस वर्षांनी, ऑक्टोबर १८८२मध्ये, जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढं निवेदन दिलं. सरकारचा बराचसा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडं जातो, हे त्यांनी हिशेबाच्या भाषेत मांडलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्यांनी केली. त्याच निवेदनात शिक्षक कसा हवा, याबद्दलही ते बोलतात. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत. वेळ आली तर नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हातात घ्यायला त्यांना लाज वाटू नये. खालच्या थरातल्या लोकांत ते सहज मिसळावेत. मुलांना शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती मिळावी.

आज कुठल्याही शिक्षक प्रशिक्षणात ‘समुदायाशी नातं’ असा तास असतो. जोतीराव तो तास घेत नव्हते. ते विचारत होते की जो माणूस विद्यार्थ्याच्या घरात पाणी पिणार नाही, तो त्याला शिकवणार कसा?

सातारा, १९००

आता पुण्याहून साताऱ्याला येऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात एका मुलाचं नाव दाखल झालं. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

बाबासाहेबांनी त्या काळच्या शाळेच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. वर्गात त्यांना वेगळं बसावं लागे, घरून आणलेल्या गोणपाटावर. संध्याकाळी ते गोणपाट परत घरी न्यावं लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर तहान तशीच.

ही शाळा सरकारी होती. नियमानं सगळ्यांना उघडी होती. पण वर्गात राज्य चालत होतं ते गावाच्या नियमांचं. म्हणजे ‘शाळेनं समाजाचं ऐकावं’ हे वाक्य १९०० साली साताऱ्यात अक्षरशः पाळलं जात होतं. शाळा समाजाच्या इतकी जवळ होती की समाजातलं गोणपाट आत आलं होतं.

नांगर विकणारा माणूस

त्याच सुमारास शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराज वेगळ्या वाटेनं निघाले होते. १९०१पासून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांना आधार द्यायला सुरुवात केली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह आलं. जातवार वसतिगृहं का? त्यामागे व्यवहार होता. त्या काळी माणूस आपल्या जातीच्या मुलासाठी खिशात हात घालायचा. १९१७मध्ये महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. पैसा गोळा करताना जातीचा उपयोग केला, पण वर्गात जात ठेवली नाही.

कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी होता, कुंभोजला जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला तो गेला. परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं, तेव्हा त्यानं नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावं लागलं. त्याच्या चरित्रांत हा प्रसंग सगळीकडं येतो. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याला ज्या वसतिगृहानं जेवू घातलं, ते त्याच्या स्वतःच्या समाजाच्या पैशावर चाललं होतं. समाजाच्या देणगीला अट कशी चिकटलेली असते, हे त्याला पोरवयात कळलं.

शाळेत भाऊराव फार पुढं गेले नाहीत. पुढं ते किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते झाले. हे काम आजच्या मार्केटिंगसारखं समजू नका. लोखंडी नांगरानं जमिनीला विष होतं, असं मानणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर जायचं, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायचं, नांगर चालवून दाखवायचा, त्याच्याच घरी मुक्काम करायचा. गावोगाव हिंडताना त्यांना दिसलं की शेतकऱ्याला पोराला शिकवायचं असतं. फक्त गावात चौथीच्या पुढं काही नसतं आणि तालुक्याला ठेवायची ऐपत नसते.

४ ऑक्टोबर १९१९, दसऱ्याचा दिवस. कऱ्हाडजवळच्या काले गावात सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. ‘रयत’ हा शब्द मुद्दाम निवडलेला आहे. शिवकाळापासून आपल्याकडं रयत म्हणजे कष्टकरी, सारा भरणारी प्रजा. संस्थेच्या नावात ना देव होता, ना जात, ना देणगीदार.

मुठीचा हिशेब

१९२४मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथं वसतिगृह सुरू झालं. पैसा कुठून आणायचा? संस्थानिकांकडून काही मिळालं, व्यापाऱ्यांकडून काही, भाऊरावांच्या घरातून तर सगळंच. पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला. मुलांना खायला काही उरलं नाही, तेव्हा मंगळसूत्रही दिलं. १९३०मध्ये त्या गेल्या. संस्थेचं वडाचं झाड सगळ्यांना माहीत असतं. ते वाढताना त्या घरात काय काय संपलं, हे कमी जणांना माहीत असतं.

पण दागिन्यांवर वसतिगृहं चालत नाहीत. चालली ती मुठीवर. कल्पना साधी होती. घरातली बाई जात्यावर दळायला किंवा चुलीवर शिजवायला धान्य काढते, तेव्हा त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. जोंधळा असेल तर जोंधळा, बाजरी असेल तर बाजरी. साठलं की ते वसतिगृहाला जायचं.

मी एकदा कागदावर हिशेब केला. एक मूठ म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम धरू. रोज एक मूठ, म्हणजे महिन्याला दीड किलो. शंभर घरांचं गाव असेल तर दीडशे किलो. वाढत्या पोराला दिवसाला अर्धा किलो धान्य लागतं असं धरलं, तर एका लहान गावाच्या मुठीवर दहा पोरं महिनाभर जेवतात. कुठल्याच घराला ही मूठ जड जात नाही. कुणी उपकारकर्ता होत नाही आणि कुणाचं नाव पंख्यावर लिहावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट. देणगी पुरुष द्यायचे, ओटीवर बसून, चारचौघांत, आकडा सांगून. मूठ मात्र बाई टाकायची. जिला स्वतःला शाळा मिळाली नव्हती, तिच्या हातून रोज शाळा चालायची. माझ्या आजीला अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं. पण ‘आमच्या मुठीवर शिकल्याली पोरं’ असं ती बोलायची, तेव्हा त्यातला ‘आमच्या’ हा शब्द मालकाचा असायचा.

एकच स्वयंपाकघर

आता माझा सुरुवातीचा प्रश्न. मूठ गावातल्या प्रत्येक घरातून आली. मग त्या धान्याची भाकरी कुणी थापायची आणि पंगतीत कोण कुणाशेजारी बसायचं, हे गावानं ठरवायचं का?

भाऊरावांचं उत्तर होतं, नाही. साताऱ्याच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी, सगळ्या जातींची पोरं एका स्वयंपाकघरात शिजलेलं एका पंगतीत जेवली. पाणी त्यांनीच भरलं, भांडी त्यांनीच घासली, शेतात त्यांनीच राबलं. लक्ष्मीबाई सोवळं पाळणाऱ्या घरातून आल्या होत्या. त्यांनाही हे आतून ओलांडावं लागलं. १९२७मध्ये गांधीजी साताऱ्याला आले, तेव्हा ही पंगत पाहून गेले, आणि त्यांच्याच हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं.

ज्या साताऱ्यात १९०० साली एका मुलाला नळाला हात लावता येत नव्हता, तिथं पाव शतकाच्या आत हे घडलं. ते समाजाशी फारकत घेऊन झालं नाही. धान्य त्याच समाजाचं होतं. जी बाई आपल्या विहिरीवर दुसऱ्या जातीच्या पोराला येऊ देत नव्हती, तिच्याच मुठीतले जोंधळे त्या पोराच्या ताटात गेले. बोर्डिंगात कसं जेवतात, हे गावांना कळत होतं. काही ठिकाणी कुरकुर झाली, टीका झाली. तरी मडकी भरत राहिली, कारण त्याच पंगतीत त्यांचंही पोर होतं आणि ते शिकत होतं.

शाळा आणि समाजाच्या नात्याबद्दल मला या इतिहासातून जे कळतं ते इथं आहे. गावानं धान्य द्यावं, जागा द्यावी, हिशेब मागावा, मास्तर उशिरा आला तर जाब विचारावा. तो सगळा हक्क गावाचा. पण आत कोण बसणार आणि कुणाशेजारी बसणार, हे ठरवायचा हक्क गावाचा नाही. नातं मजबूत होतं म्हणून ते हा वाद पेलू शकलं. गावाला दुखवायला घाबरणारी शाळा गावाला काहीच शिकवू शकत नाही.

मास्तर मिळाला, शाळा झाली

पुढची अडचण शिक्षकांची होती. १९३५मध्ये संस्थेनं साताऱ्यात प्राथमिक शिक्षक घडवणारं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. १९४०मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आलं. तिथं पोरं कष्ट करून शिकायची. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज कॉलेजच्या योजनेचं नाव झालेत. तेव्हा त्याचा अर्थ हातात कुदळ असा होता.

याच काळात डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा निघाल्या. जिथं सरकारी शाळा पोचत नव्हती तिथं गावानं जागा द्यायची. देऊळ, चावडी, कुणाचा गोठा, काहीही. संस्थेनं मास्तर द्यायचा, सरकारनं थोडं अनुदान द्यायचं. मास्तर बहुतेकदा त्याच वसतिगृहातून शिकून आलेला, म्हणजे अशाच कुठल्या तरी वाडीचा. फुल्यांनी १८८२मध्ये मागितला होता तसा, नांगर धरायला न लाजणारा. भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले तोवर अशा शाळांची संख्या ५७८ झाली होती.

समाजाशी नातं असलेल्या शाळेला सरकारशी भांडायची वेळ आली तर काय होतं, हेही त्या काळात दिसलं. गांधीहत्येनंतर भाऊरावांनी गांधीजींच्या नावानं १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प केला. त्याच सुमारास त्यांच्या टीकेमुळे मुंबई सरकारची मर्जी फिरली आणि संस्थेचं अनुदान थांबलं. संस्था बंद पडली नाही. लोकांकडून मदत येत राहिली आणि पुढं अनुदान परत सुरू झालं. गावोगाव कीर्तनातून गाडगे महाराज सांगायचे की ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. स्वतः कधी शाळेत न बसलेल्या या माणसाच्या नावानं १९५४मध्ये कऱ्हाडला रयतचं कॉलेज निघालं.

पण मला यातून सरकारला सुट्टी द्यायची नाही. भाऊराव आयुष्यभर मूठही मागत होते आणि अनुदानही. शेतसाऱ्यात, विक्रीकरात गरीब माणूस शाळेचे पैसे आधीच भरत असतो. त्याच्याकडून परत वर्गणी मागायची आणि तिला लोकसहभाग म्हणायचं, तर तो दुहेरी कर होतो. मूठ ही सरकारच्या जबाबदारीची जागा घ्यायला नव्हती. सरकारला जाब विचारता येईल इतकं बळ तिनं लोकांना दिलं.

अंगणात गेलेली शाळा

सातारच्या गोष्टीत गाव शाळेकडं आलं. पण जिथं लोकांकडं द्यायला मूठही नाही तिथं काय? त्यासाठी आता उत्तर कोकणात, वारली वस्तीत जावं लागेल.

१९४५मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना किंवा आईबापांना आळशी ठरवलं नाही. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. तिथून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला, जो आज देशभरातल्या सरकारी योजनेत आहे. थोडी मोठी मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळा चुकते, हे कळलं तेव्हा शिक्षक कुरणात गेले. तिला नाव पडलं कुरणशाळा. मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात म्हणून येत नाहीत, हे दिसलं तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताईनं भावाला पाळण्यात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात बसायचं. या रचनेला त्यांनी विकासवाडी म्हटलं.

इथं समाजानं शाळेला धान्य दिलं नाही. पोर का येत नाही, याचं खरं कारण दिलं. आणि शाळेनं ते ऐकून स्वतःचं वेळापत्रक, जागा, भिंती, सगळं बदललं. मुलं रोज कसं जगतात, याबद्दल शाळेनं समाजाचं ऐकायचं. कुणाला बाहेर ठेवायचं, याबद्दल अजिबात ऐकायचं नाही. सातारा आणि कोसबाड एकत्र ठेवले की माझ्या प्रश्नाचं उत्तर पुरं होतं.

अर्जाचं नातं

१ मे १९६२ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडं गेल्या. हे चांगलंच झालं. शिक्षकाला नियमित पगार मिळाला, वाडीवस्तीवर शाळा पोचली, ती कुणाच्या मर्जीवर राहिली नाही. पण हळूहळू भाषा बदलली. ‘आमची शाळा’ची ‘झेडपीची शाळा’ झाली. छप्पर गळलं तर पूर्वी गाव पत्रा शोधायचं, आता अर्ज करतं. ज्याला परवडतं तो पोराला पिवळ्या बसमधून तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला पाठवतो. गावात बोलू शकणारी, भांडू शकणारी घरं आधी बाहेर पडली. मागं राहिलेल्यांच्या शाळेबद्दल कोण बोलणार?

२०१७च्या अखेरीस राज्य सरकारनं दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १३०० शाळा दुसऱ्या शाळांत विलीन करायचं ठरवलं. २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांची कल्पना आली. लहान शाळेत मुलांना सोबत मिळत नाही, खेळ होत नाहीत, हा मुद्दा खोटा नाही. पण डोंगरात पुढच्या शाळेची वाट म्हणजे ओढा, जंगल, पावसाळा. अशा ठिकाणी शाळा लांब गेली की आधी मुलीचं नाव कमी होतं. हे सांगायला गावातून कुणी उठलं तर शाळा वाचते, आणि न उठलं तर कागदावर सोय होते.

प्रोसिडिंग बुक

कायद्यानं उठायची जागा दिलेली आहे. १ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात पाऊण सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. शाळेचा विकास आराखडा करायचा, अनुदान कसं खर्च झालं ते पाहायचं, ही कामं समितीची. पंतोजीला शिधा देणाऱ्या घरांना जो अधिकार होता तो आता कायद्यानं सगळ्यांना आहे.

माझी मुलगी गावच्या शाळेत जाते आणि मी समितीवर आहे. पहिल्या वर्षी प्रोसिडिंग बुक सहीसाठी घरी आलं. सभा झाली, असं त्यात लिहिलेलं होतं. मी म्हटलं, आधी सभा घेऊ, मग सही. सभा झाली, नऊ जण आले. गेट, कंपाउंड, शौचालयाचं पाणी, सगळं बोलून झालं. मग एका आईनं विचारलं, ‘गावाभायेर कोप्या पडल्यात, ती पोरं का दिसत न्हाईत शाळत?’

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास बीडकडून येतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत राहतात. कोप्यांत अकरा पोरं शाळेच्या वयाची होती. कुणीतरी म्हणालं, ‘ती आपल्या गावची नाहीत.’ थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच बाई म्हणाल्या, ‘ऊस तर आपल्या गावचा हाय की.’

कायदा त्या बाईंच्या बाजूनं आहे. कामासाठी स्थलांतर केलेल्या मुलाला तो जिथं असेल तिथल्या शाळेत बसता येतं. त्यासाठी शिक्षण हमी कार्डही आहे. मुख्याध्यापकांनी त्या आठवड्यात नावं लिहून घेतली. अकरातली सहा पोरं आली. पाच आली नाहीत. त्यातल्या तीन मुली होत्या, आणि आई फडात गेल्यावर त्या धाकट्यांना सांभाळत होत्या. म्हणजे कोसबाडला दिसलं होतं तेच कारण.

पुढच्या सभेत अंगणवाडी सेविकांना बोलावलंय. धाकट्यांना त्यांच्याकडं ठेवता आलं तर तिघींना शेजारच्या वर्गात बसता येईल. काही घरं कुरकुरतायत, ती कुरकुर सभेत ऐकून घेऊ आणि प्रोसिडिंगमध्ये लिहूनही ठेवू. तुम्ही मतदार यादीत असाल तर ग्रामसभेचे सदस्य आहातच. पोर शाळेत नसलं तरी तुमच्या शाळेचं प्रोसिडिंग बुक मागायला जा. त्यात शेवटची सभा कधी झाली ते बघा, आणि गावातलं कोण त्या यादीत नाही तेही बघा. टोळ्या मार्चमध्ये परत जातील. आमच्याकडं तेवढेच दिवस आहेत.